हरिपाठाचा अर्थ लावणाऱ्या पॅरिसच्या बाई



आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण हरिपाठ त्याच्या आधीच पाठ झाला, वडिलांच्या शेजारी बसून, टाळ धरता येत नव्हता तेव्हा. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच आहे. हाच हरिपाठ फ्रान्स देशातल्या एका बाईंनी मोठेपणी, अक्षर अक्षर लावून वाचला. दिंडीत चालणाऱ्या एका प्राध्यापकांनी आम्हांस ती हकिकत समजावून दिली, ती आमच्या भाषेत सांगतो.

पॅरिसला मराठीचा अभ्यास जुना. झ्यूल ब्लॉक या पंडितांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० साली छापून निघाला. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या शार्लोत व्होदव्हील. जन्म १९१८ चा. पॅरिसला त्या प्राध्यापक झाल्या, विषय आपल्या देशातलं भक्तिसाहित्य. पहिल्यांदा तुलसीदासांचं रामायण धरलं. त्यावरचा ग्रंथ १९५५ चा. मग कबीरांचे दोहे, १९५७. आणि १९६९ ला ज्ञानोबारायांचा हरिपाठ फ्रेंचमध्ये आणला.

आता बघा, बाई उत्तरेकडून पंढरीच्या वाटेला लागल्या. आपले नामदेवराय याच वाटेनं उलटे गेले. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, शिखांच्या गुरुग्रंथात त्यांची ६१ पदं आहेत. म्हणजे ही संतांची वाट एकच, कुणी इकडून चाललं, कुणी तिकडून.

बाईंनी एक गोष्ट नीट धरली. विठोबा हा विष्णू, पण निवृत्तिनाथांची परंपरा नाथांची. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, मग निवृत्ती आणि ज्ञानदेव. आदिनाथ म्हणजे शंकरच. शैव आणि वैष्णव इथं एक झाले, यावर त्यांनी पुढं वेगळा लेखही लिहिला. आपण एकादशी धरतो, सोमवारही धरतो. हरिहरा भेद नाही, हे कीर्तनात सांगतो. पण हे ऐक्य कुठून आलं, हे किती जण विचारतात?

२००६ साली बाई गेल्या.

पाठांतरानं हरिपाठ जगला, यात शंका नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आयाबायांनी तो सातशे वर्षं सांभाळला. तो नसता तर पॅरिसच्या बाईंनी वाचलं असतं काय? पण नुसतं पाठांतर म्हणजे बी कणगीत ठेवल्यासारखं. सांभाळलं खरं, पेरलं नाही तर पीक कुठलं? आता आमचीच नातवंडं अर्थ विचारतात. त्यांना गप्प बसवलं तर उद्या टाळ कोण धरणार?

म्हणून आमची विणेकऱ्यांना आणि सर्व भाविकांना विनंती आहे. दिंडीचं दुसरं शतक सुरू होतंय. मुक्कामी हरिपाठ झाला की रोज एका अभंगाचा अर्थ सांगावा, आणि पोरांना प्रश्न विचारू द्यावेत. अर्धा तास लागेल. तेवढा वेळ माउलींसाठी काढू या.

रामकृष्णहरी.