वाई : कृष्णाकाठची पायी भटकंती

सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि कृष्णेच्या काठावरचे जुने तीर्थक्षेत्र. लोकसंख्या सुमारे 36 हजार (2011). पुण्याहून अंतर सुमारे 90 किमी., साताऱ्याहून सुमारे 35 किमी.; महामार्ग सुरूर फाट्याला सोडावा लागतो. पसरणीचा घाट चढला की 12-13 किमी.वर पाचगणी. महाबळेश्वरला निघालेल्या बहुतेक गाड्या येथे गणपतीच्या दर्शनापुरत्या थांबतात आणि लगेच घाटाला लागतात. त्यांची वाई पाहायचीच राहून जाते. हे गाव पायी, सावकाश आणि नदीच्या बाजूने पाहावे. त्याला ना गिर्यारोहणाचा सराव लागतो, ना सामान. पायांत घट्ट पकडीच्या चपला असल्या म्हणजे झाले.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे सात घाट येथे आहेत. घाटाचे नाव तेच आळीचे. म्हणजे प्रत्येक वस्तीने नदीशी आपापला दगडी दरवाजा राखला. सकाळी सातच्या सुमारास कोणत्याही आळीतून पायऱ्या उतराव्यात आणि काठाकाठाने चालू लागावे. कोणी स्नान उरकत असते, कोणी धुण्याचा पिळा दगडावर आपटत असते, देवळातून घंटा ऐकू येते. येथली माणसे नदीचा उल्लेख ‘कृष्णामाई’, ‘कृष्णाबाई’ असा घरच्या वडीलधाऱ्या बाईसारखा करतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात कृष्णाबाईचा उत्सव असतो आणि तो एका जागी होत नाही. आळीआळीचा घाट आपापल्या दिवसांत तो मांडतो. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून कृष्णेला केलेल्या नवसाशी परंपरा त्याचा संबंध जोडते. या दिवसांत आलेल्या पाहुण्याने दोन वेगळ्या घाटांवरचा उत्सव पाहावा.

गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. अखंड दगडात घडवलेल्या भव्य मूर्तीमुळे देवाला हे नाव मिळाले. दर्शन झाल्यावर मात्र देवळाला वळसा घालून मागे जावे. मागची भिंत सरळ नाही. दोन्ही बाजू निमुळत्या होत माशाच्या तोंडासारख्या पुढे येतात आणि टोकाशी मिळतात. हे टोक नदीच्या वरच्या अंगाला, पाणी येते त्या दिशेला आहे. पुराचा लोंढा टोकावर फुटून दोन्हीकडे वाटला जावा, भिंतीवर सरळ आदळू नये, अशी ही योजना. दगडावर हात ठेवून ते वळण पाहिले की अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला ही नदी किती ठाऊक होती ते कळते. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळही रास्त्यांचेच. तेथील नंदी काळ्या गुळगुळीत दगडाचा आहे.

येथून गंगापुरीकडे जाण्याचे आणखी एक कारण आहे. मराठी विश्वकोशाचे काम याच परिसरातून चालत आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड 1976 मध्ये निघाला. संस्कृत विद्येची प्राज्ञपाठशाळाही वाईचीच. मराठी वाचकाने या गल्लीतून एक फेरी मारावीच.

पुढचा टप्पा मेणवली, सुमारे 3 किमी. सायकल असेल तर उत्तम. ऊन चढण्याआधी निघाल्यास चालतही सहज होते. नाना फडणवीसांचा येथील वाडा चौकांमागून चौक असा आत उलगडत जातो. काही भिंतींवर जुनी चित्रे अजून टिकून आहेत. ‘स्वदेस’ (2004) चित्रपटातल्या गावाचे चित्रण येथे झाले, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांना मेणवलीचा घाट ओळखीचा वाटतो. पण खरा वेळ द्यावा तो मेणेश्वराजवळच्या घंटेला. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. शिवाच्या दारी ही आई इतकी वर्षे आहे आणि कोणी तिला खोडलेले नाही. घंटा जोरात बडवू नये. हलक्या हाताने वाजवली तरी नाद पाण्यावर बराच वेळ रेंगाळतो.

त्याच दिशेने पुढे, वाईपासून सुमारे 8 किमी.वर धोम. धोम धरणाचा जलाशय येथेच असून संध्याकाळी त्याच्या काठावर बसण्यासारखे दुसरे सुख नाही. गावात नरसिंहाचे व महादेवाचे देऊळ आहे. महादेवापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसला आहे आणि कासव कमळाच्या आकाराच्या दगडी हौदात आहे. हौद भरला की कासव नंदीला घेऊन पोहते आहे असे वाटते. म्हणून पावसाळा सरताना जावे. लेण्यांची आवड असणाऱ्यांनी लोहारे येथील पालपेश्वर लेणी पाहावीत. मूळ लेणी बौद्ध, पुढे तेथे महादेवाची पूजा सुरू झाली. पांडवगड मात्र या सोप्या यादीत बसत नाही, चढण दमवणारी आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, खालचे टप्पे पाण्याखाली जातात आणि धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी झपाट्याने चढते; तेव्हा नदी वरच्या पायरीवरूनच पाहावी. उन्हाळ्यात पात्र रोडावते आणि दुपारी दगड अनवाणी पायाला सोसत नाही. निर्माल्य आणि प्लॅस्टिक नदीत टाकू नये. या घाटांवर आजही रोजचे स्नान होते.