जेरल्ड मूर : एका साथीदाराचें चरित्र व त्याचीं साधनें

जुनीं पत्रें वाचतांना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. पत्रावर शिक्कामोर्तब धन्याचें असतें. मजकूर ज्यानें लिहिला त्या कारकुनाचें नांव मात्र बहुधा आढळत नाहीं. पाश्चात्य संगीतांत पियानोवर साथ करणाराची स्थितीही दीर्घ काळ अशीच होती. जलशाच्या पत्रकावर गायकाचें नांव ठळक, साथीदाराचें बारीक अक्षरांत. ही स्थिति पालटण्यास ज्यांचे श्रम विशेष कारण झाले, त्या जेरल्ड मूर यांचें चरित्र येथें संक्षेपानें देऊन त्याच्या साधनांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूर यांचा जन्म ३० जुलै १८९९ रोजीं इंग्लंडांत वॉटफर्ड येथें झाला. पुढें त्यांचें कुटुंब कॅनडांतील टोरांटो येथें गेलें. तेथें मायकेल हॅम्बुर्ग यांजपाशीं त्यांचें पियानोचें शिक्षण झालें. १९१९ सालीं ते इंग्लंडांत परतले. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेचे प्रमुख लँडन रोनल्ड यांनीं त्यांस साथीचा मार्ग धरण्याविषयीं उत्तेजन दिलें. १९२१ पासून ते ध्वनिमुद्रिकांसाठीं वाजवूं लागले. तथापि खरी तालीम मिळाली ती जॉन कोट्स या गायकाच्या सहवासांत; हें ऋण मूर यांनीं स्वतःच मान्य केलें आहे.

साथ म्हणजे गायकाच्या मागून चालणें नव्हे. गायकाच्या गळ्यास सोईचें व्हावें म्हणून सबंध गीत वरच्या अथवा खालच्या पट्टींत फिरवून वाजवावें लागतें. त्याचा श्वास कोठें सरणार हें आधींच ओळखावें लागतें. शूबर्टच्या १८१५ सालच्या ‘एर्लकोनिग’ गीतांत घोड्याची दौड ऐकूं येते ती पियानोच्या सुरांतून, गायकाच्या कंठांतून नव्हे. शूमानच्या १८४० सालच्या ‘डिख्टरलीब’ या गीतमालेच्या अखेरीस गायक थांबतो, आणि उरलेलें सांगणें एकटा पियानो पुरें करतो. अशा रचनेंत वादकास दुय्यम मानणें म्हणजे अर्धा मजकूर गाळून पत्र वाचणें होय.

हाच पक्ष मूर यांनीं १९४३ सालीं ‘दि अनअशेम्ड अकंपनिस्ट’ या पुस्तकांत मांडिला. १९६२ सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. ‘मी फार मोठ्यानें तर वाजवीत नाहीं ना?’ अशा अर्थाचें त्याचें इंग्रजी नांवच साथीदाराच्या जुन्या भीतीची थट्टा करणारें आहे.

परंतु आत्मचरित्र हें साधन आपल्या बखरीच्या जातीचें. तें मागाहून, स्मरणानें व स्वपक्षाच्या अभिमानानें लिहिलेलें असतें. केवळ त्यावरून निर्णय देणें योग्य नव्हे. सुदैवानें येथें अस्सल कागदाच्या तोडीचें दुसरें साधन उपलब्ध आहे, तें म्हणजे ध्वनिमुद्रिका. डीट्रिख फिशर-डीस्काउ या गायकाबरोबर मूर यांनीं शूबर्टचीं ४०० हून अधिक गीतें मुद्रित केलीं. त्यांतील साथ गायकामागें फरफटत नाहीं आणि त्यास झांकीतही नाहीं, हें कोणासही आपल्या कानांनीं पडताळून पाहतां येतें. बखरीस कागदाचा आधार मिळाला, असेंच आम्ही म्हणूं.

२० फेब्रुवारी १९६७ रोजीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें त्यांच्या निरोपाचा जलसा झाला. एलिझाबेथ श्वार्झकोफ, व्हिक्टोरिया द लोस आंखेलेस व फिशर-डीस्काउ असे तीन नामांकित गायक एका साथीदाराच्या गौरवार्थ गाइले. शेवटीं मूर एकटेच पियानोपाशीं बसले, आणि शूबर्टचें ‘आन डी मुझीक’ हें गीत त्यांनीं गायकावांचून वाजविलें. जन्मभर दुसऱ्याच्या नांवें पत्रें लिहिणाऱ्या कारकुनानें अखेर एक पत्र स्वतःच्या सहीनें लिहावें, तसा हा प्रसंग होय. त्याचेंही मुद्रण उपलब्ध आहे. सभेंत वाजविणें सोडल्यावरही ध्वनिमुद्रण चालूंच होतें. शूबर्टच्या मोठ्या गीतमाला त्यांनीं फिशर-डीस्काउबरोबर १९७१ व १९७२ सालीं पुन्हां मुद्रित केल्या. १३ मार्च १९८७ रोजीं मूर निवर्तले.

आमच्या संग्राहक मित्रांस यावरून एक विनंति करावीशी वाटते. आपल्याकडील जुन्या ध्वनिमुद्रिकांवर तबलजी अथवा सारंगिये यांचीं नांवें क्वचितच आढळतात, आणि त्यांपैकीं आत्मचरित्र लिहिणारे तर विरळाच. अशा स्थितींत जलशाचें हस्तपत्रक, जाहिरातीचा कपटा, बिदागीची यादी हींच त्यांचीं साधनें होत. तीं किरकोळ समजून रद्दींत घालूं नयेत. त्यांतील बारीक अक्षर आधीं वाचावें.