‘पलटणीची दारं बंद झाली’

१२. पलटणीची दारं बंद झाली : रोह्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यातला हा उल्लेख १८९०च्या दशकातला आहे. कुलाबा (आताचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले महार मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यानपिढ्या होते. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईतही ते लढले. पुढे ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत काढून सरकारने त्यांची भरती थांबवली. सवर्ण शिपाई अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत, अशीही सबब होती. पगार, पेन्शन आणि पलटणीतली शाळा या तिन्हींची वाट त्यामुळे खुंटली. महाडकडचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली. मग गरज सरो, वैद्य मरो : १९२१ साली ती मोडली. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात स्थापन झाली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे कृष्णवर्णीय सैनिकही वेगळ्या तुकड्यांत लढत होते. सैन्यातला हा भेद मोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. महाडच्या १९२७च्या सत्याग्रहातील निवृत्त सैनिकांच्या सहभागासाठी पुढील प्रकरण पाहावे. — संपा.