सँ-झेर्मँ, काउंट द
(? – २७ फेब्रुवारी १७८४). अठराव्या शतकातील यूरोपीय दरबारांत वावरलेला गूढ साहसी व किमयागार. त्याचे खरे नाव, जन्मस्थळ व कुळ अज्ञात. ‘काउंट’ हा किताबही बहुधा स्वतःच लावून घेतलेला. १७४५ मध्ये लंडनमध्ये त्याला हेर समजून पकडले व पुढे सोडून दिले. तेथेच त्याची व्हायोलिनसाठीची सोनाटे छापली गेली. संगीतात तरी तो भोंदू नव्हता. फ्रान्सच्या पंधराव्या लुईने त्याला रंगनिर्मितीच्या प्रयोगांसाठी शांबोरचा राजवाडा दिला. हिऱ्यांतले डाग आपण घालवतो, असे तो सांगे. मेजवानीत तो घासही घेत नसे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत राही, असे कॅसानोव्हाने लिहिले आहे. १७६० मध्ये हेगला परस्पर तहाची बोलणी चालवल्यामुळे परराष्ट्रमंत्री श्वाझल खवळला. अटकेचा हुकूम निघताच काउंट इंग्लंडला निसटला. अखेरची वर्षे हेसचा राजपुत्र कार्ल याच्या आश्रयाने श्लेस्विगमध्ये गेली. एकर्नफर्ड येथे तो वारला व तेथेच पुरला गेला. तरीही नंतर अनेकांना तो ‘दिसत’ राहिला, आणि थिऑसॉफिस्टांनी तर त्याला महात्म्यांच्या पंक्तीला नेऊन बसवले.