खानोलकरांच्या सुनेनं घडवलेलं चक्र

माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे. जुलै 1944 मध्ये इटलीत त्यांच्या तुकडीतले सगळे सोबती मशीनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून शेवटच्या दोन शत्रूंना त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं मारलं आणि तिथंच नेमबाजांच्या गोळीला बळी पडले. त्यांना मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस, परक्या राणीच्या नावाचा. तीनच वर्षांनी काश्मिरात लढणाऱ्या स्वतंत्र देशाच्या जवानाला तो कसा द्यायचा?

परमवीर चक्र हे नवं पदक घडवायची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होती. चित्र काढायला त्यांनी सांगितलं ते एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीला, सावित्रीबाई खानोलकरांना. बाईंचं माहेरचं नाव इव्ह. जन्म 1913 चा, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टला शिकणाऱ्या विक्रम खानोलकरांशी ओळख झाली आणि 1932 मध्ये लखनौला लग्न. पुढं बाई पुराणांत अशा रमल्या की महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. इथल्या कित्येक सुनांना सासरची पुराणं एवढी ठाऊक नसतील!

पदकासाठी त्यांना दधीची आठवले. वृत्रासुराला मारायला इंद्राला शस्त्र हवं होतं, तेव्हा या ऋषींनी देह सोडून आपली हाडं दिली. त्यांचं वज्र झालं. चक्रावर चार बाजूंना चार वज्रं आहेत, मधोमध सारनाथच्या सिंहांची राजमुद्रा. मागं हिंदी आणि इंग्रजीत नाव, मध्ये दोन कमळं. व्यास दीड इंचाहूनही कमी, धातू कांस्य, फीत साधी जांभळी. देशातल्या सर्वोच्च शौर्यपदकात सोन्याचा कण नाही. व्हिक्टोरिया क्रॉसही कांस्याचाच, तेव्हा साधेपणाचा कित्ता आधीचा. पण हाडांच्या दानाची गोष्ट सांगणाऱ्या पदकाला सोनं शोभलंही नसतं.

परमवीर चक्र जाहीर झालं 26 जानेवारी 1950 ला, पण लागू धरलं 15 ऑगस्ट 1947 पासून, म्हणजे काश्मीरची लढाई त्यात बसली. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा, 3 नोव्हेंबर 1947 ला बडगामला पडलेले. सावित्रीबाईंच्या लेकीचे ते थोरले दीर.

हे चक्र जिवंतपणी मिळवणारे पहिले वीर कारवारजवळच्या चेंडियाचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि वाटेत सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली. पहिल्याच दिवशी ते जखमी झाले, तरी मागं गेले नाहीत. माऱ्यातून वाचायला रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोराच्या ओढीनं चालकाला खुणा करत ते पुढं सरकले आणि सुरुंग काढत गेले. त्यांचा पुतळा आज कारवारच्या किनाऱ्यावर, आयएनएस चपळ या युद्धनौकेशेजारी उभा आहे.