लोरिसपासून मानवी भ्रूणापर्यंत: बंगळूरची एक विद्यापरंपरा

मानवी गर्भाच्या पहिल्या काही दिवसांविषयी भारतात जे ज्ञान साठत गेले, त्याच्या इतिहासात कोलकाता आणि मुंबई ही नावे प्रथम येतात, कारण शरीराबाहेर फलित झालेल्या बीजांडापासून जन्मलेली बालके तेथली होती. परंतु ज्या शिस्तीने ते ज्ञान पुढे तपासले गेले, तिचा एक धागा बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधील प्राणिशास्त्र विभागापर्यंत मागे जातो. या विभागाचे प्रमुख सी. आर. नारायण राव हे बेडकांचे अभ्यासक असून 1932 मध्ये बंगळूरहून निघू लागलेल्या 'करंट सायन्स' या नियतकालिकाचे पहिले संपादकही होते. याच महाविद्यालयात उभयचरांच्या शरीररचनेवर काम केलेले एल. एस. रामस्वामी पुढे जयपूरला राजस्थान विद्यापीठात गेले आणि तेथे टी. सी. आनंद कुमार यांच्यासह त्यांनी 1960च्या दशकात लोरिस या प्राण्याच्या मादीचे प्रजननचक्र अभ्यासले.

लोरिस हा दक्षिण भारतातला सडपातळ, निशाचर प्राणी नरवानर गणात, म्हणजे माणसाच्या दूरच्या नात्यात मोडतो, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या झाडीत तो आजही आढळतो. त्याच्या गर्भावरणांचे सविस्तर वर्णन जे. पी. हिल, एफ. ई. इन्स आणि ए. सुब्बा राव यांनी 1928 मध्ये केले होते. या प्राण्यात वार, म्हणजे आई आणि गर्भ यांच्यात पोषणद्रव्यांची देवाणघेवाण घडवणारा अवयव, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला केवळ चिकटून राहते. माणसात मात्र गर्भाच्या बाह्य पेशी ते अस्तर भेदून आत शिरतात आणि वारेचे अंकुर थेट आईच्या रक्तात न्हातात. एकाच गणातल्या दोन प्राण्यांत गर्भधारणेची रीत इतकी भिन्न असावी, ही गोष्ट या अभ्यासाचे मोल सांगण्यास पुरेशी आहे.

मानवी शरीरात अंडाशयातून सुटलेले बीजांड अंडवाहिनीत येते, तिच्या रुंद भागात शुक्राणूशी त्याचा संयोग होतो, आणि फलित पेशी विभागत विभागत तिसऱ्या दिवसाच्या सुमारास आठ पेशींची होते. पाचव्या दिवशी तिच्यात पोकळी तयार होऊन ब्लास्टोसिस्ट ही अवस्था येते. मग बीजांडाभोवतीचे पारदर्शक कवच सोडून ती बाहेर पडते आणि सहाव्या-सातव्या दिवशी अस्तरात रुजू लागते. कवचातून बाहेर पडण्याच्या या अल्पकाळ चालणाऱ्या घटनेवर भारतीय विज्ञान संस्थेत पी. बी. शेषगिरी यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांच्या गटाने हॅमस्टरमध्ये हे कवच कॅथेप्सिन नावाच्या, प्रथिने तोडणाऱ्या विकरांमुळे विरघळते असे दाखवले. त्याच संस्थेत एन. आर. मुदगल यांनी त्याआधीच बॉनेट माकडांत प्रजनन-संप्रेरकांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे वापरून प्रत्येक संप्रेरकाचे कार्य वेगळे ओळखण्याची पद्धत रुजवली होती.

आनंद कुमार पुढे मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झाले, आणि 6 ऑगस्ट 1986 रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह केलेल्या प्रयत्नांतून जन्मलेली कन्या ही भारतातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून मान्यता पावली. निवृत्तीनंतर ते बंगळूरला स्थायिक झाले. ज्या माणसाच्या नावावर हा मान होता, त्यानेच तो पुढे दुसऱ्याच्या पदरात घातला.

कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी 3 ऑक्टोबर 1978 रोजी, म्हणजे इंग्लंडमधील पहिल्या अशा जन्मानंतर 70 दिवसांनी, असेच बालक जन्मल्याचे जाहीर केले होते. सरकारी समितीने तो दावा फेटाळला आणि 1981 मध्ये मुखर्जी यांनी आत्महत्या केली. त्यांची टिपणे आनंद कुमार यांनी वाचली आणि 1997 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये, म्हणजे रामस्वामींच्या जुन्या विभागप्रमुखाने संपादित केलेल्या त्याच नियतकालिकात, मुखर्जीच या यशाचे पहिले शिल्पकार होते असे लिहिले. लोरिसचे प्रजननचक्र तपासलेल्या अभ्यासकाला ती टिपणे कशी वाचावीत हे ठाऊक असणे स्वाभाविक होते. अंडाशयाला औषधांनी चेतवले की अस्तराची वाढ भ्रूणाच्या वयाशी जुळत नाही, म्हणून मुखर्जी यांनी भ्रूण गोठवून ठेवले आणि ते पुढच्या एका मासिक चक्रात गर्भाशयात सोडले होते. गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याची नोंद ऑस्ट्रेलियातून आली ती 1983 मध्ये, आणि आज बंगळूरच्या, परळच्या किंवा पुण्याच्या वंध्यत्वनिवारण केंद्रांत हीच रीत नित्याची झाली आहे.