ओहायोचे सेनेटर रॉबर्ट टॅफ्ट



अमेरिकेच्या राजकारणाचा विषय निघाला कीं आपल्या तोंडीं अध्यक्षांचींच नांवें येतात. लिंकन, विल्सन, रूझवेल्ट हीं नांवें सुशिक्षितांच्या घराघरांतून परिचित आहेत. तेथील सेनेटमध्यें आयुष्य वेंचलेल्या माणसांकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच जातें. आज ज्यांच्याविषयीं मी बोलणार आहें, ते ओहायो संस्थानचे सेनेटर रॉबर्ट आल्फॉन्सो टॅफ्ट अध्यक्षपदाच्या उंबरठ्यापर्यंत तीन वेळां जाऊन परतले. आणि तिन्ही वेळां त्यांना अडविलें तें विरोधकांनीं नव्हे, स्वपक्षानें. तरीहि रिपब्लिकन पक्षांतले लोक ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत ते त्यांनाच.

‘स्थितिप्रिय’ हा शब्द आपण थोड्या तुच्छतेनेंच वापरतों. नव्या गोष्टीला नाक मुरडणारा, जुन्या वाड्याच्या सोप्यावर बसून काळाला बोल लावणारा असा एक गृहस्थ तो शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें उभा राहतो. टॅफ्ट स्थितिप्रिय होते यांत शंका नाहीं. पण त्यांना जतन करावयाचें होतें तें काय, हें पाहिल्यावांचून त्या शब्दानें कांहींच उलगडत नाहीं.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८८९ रोजीं सिनसिनाटी शहरीं झाला. घराणें कायदेपंडितांचें. आजोबा अध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळांत होते. वडील विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे १९०९ ते १९१३ पर्यंत अध्यक्ष होते आणि १९२१ मध्यें सरन्यायाधीश झाले. हीं दोन्ही पदें भूषविणारा दुसरा मनुष्य अमेरिकेंत आजवर झालेला नाहीं. येल येथें आणि हार्वर्डच्या कायदेशाळेंत रॉबर्ट यांनीं पहिला क्रमांक सोडला नाहीं. पहिल्या महायुद्धांत दृष्टि अधू म्हणून सैन्यानें त्यांना घेतलें नाहीं, तेव्हां हर्बर्ट हूवर यांच्या हाताखालीं अन्नधान्याच्या खात्यांत ते लागले, आणि युद्ध संपल्यावर युरोपांतील उपाशी लोकांना धान्य पोंचविण्याच्या कामासाठीं पॅरिसला गेले. युरोपच्या राजकारणाविषयींचा त्यांचा अविश्वास बहुतांशीं तेथला; आणि सरकारी नियंत्रणें एकदां आलीं म्हणजे सहजासहजीं जात नाहींत, ही धास्तीहि त्याच काळांतली.

१९२१ पासून ते ओहायोच्या विधिमंडळांत होते. १९३८ सालीं ते सेनेटवर निवडून आले. वक्तृत्व म्हणाल तर अगदीं कोरडें. सभेला जिंकणें त्यांना ठाऊक नव्हतें. आंकडे, कलमें आणि उपकलमें यांची रास ते श्रोत्यांपुढें ओतीत. पण चर्चेला येणारें विधेयक मुळापासून वाचून येणारा सभासद म्हणून त्यांचा दरारा होता. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ला त्यांचा विरोध होता. मंदीनें पोळलेल्या माणसाला मदत करूं नये असें त्यांचें म्हणणें नव्हतें. मध्यवर्ती सरकारच्या हातीं, आणि त्यांतही एकट्या अध्यक्षाच्या हातीं, सत्ता गोळा होत चालली, तर कायद्याचें राज्य जाऊन अधिकाऱ्यांचें राज्य येईल, हें त्यांचें दुखणें होतें.

हाच धागा त्यांच्या परराष्ट्रीय धोरणांत दिसतो. युद्धांत पडल्यानें देशांतील स्वातंत्र्य आकुंचित होतें, म्हणून युद्ध टाळावें, असें ते म्हणत. १९४१ मध्यें ब्रिटनला शस्त्रसाहाय्य देण्याचें विधेयक आलें, तेव्हां शस्त्रें उसनीं देणें म्हणजे चघळावयाचा गोंद उसना देण्यासारखें आहे, तो परत कोणाला हवा असतो, असा टोला त्यांनीं मारला. रुक्ष माणसाचा हा एक विनोद लोकांच्या स्मरणांत राहिला. परंतु हिटलरच्या सामर्थ्याविषयींचा त्यांचा अंदाज चुकला, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. ब्रिटन पडलें असतें तर अटलांटिक महासागरानें अमेरिकेचें रक्षण किती काळ केलें असतें, याचें समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हतें.

मात्र त्यांच्या या कायदेनिष्ठेची दुसरी बाजू पाहा. मार्च १९४२ मध्यें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरांदारांतून हलविण्याच्या हुकुमामागें शिक्षेचें बळ देणारा कायदा सेनेटपुढें आला. पुढें सुमारें १,२०,००० माणसें छावण्यांत गेलीं. त्यांपैकीं बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. त्या दिवशीं सेनेटमध्यें एकट्या टॅफ्ट यांनींच शंका काढली. हा कायदा इतका सैल आहे कीं शांततेच्या काळांत कोणतेंहि न्यायालय तो मान्य करणार नाहीं, असें ते बोलले. बोलले, पण विरोधी मत नोंदवून विधेयक अडविण्यापर्यंत गेले नाहींत.

१९४६ च्या मे महिन्यांत मात्र ते अडून बसले. रेल्वे कामगारांचा संप मोडण्यासाठीं संपकऱ्यांना सक्तीनें सैन्यांत भरती करण्याचा अधिकार अध्यक्ष ट्रूमन यांनीं मागितला, आणि प्रतिनिधिगृहानें ३०६ विरुद्ध १३ मतांनीं तो त्याच दिवशीं देऊन टाकला. सेनेटमध्यें टॅफ्ट यांनीं त्याला हरकत घेतली आणि सक्तीच्या भरतीचें तें कलम पुढें सेनेटनें फेटाळलें. कामगार संघांचा शत्रु म्हणून ज्याचा लौकिक, त्यानें संपकऱ्यांची बाजू घ्यावी याचें अनेकांना नवल वाटलें. वास्तविक नवल वाटण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत वादग्रस्त भाषणाकडे वळूं. न्यूरेंबर्गच्या न्यायासनानें १ ऑक्टोबर १९४६ रोजीं नाझी पुढाऱ्यांना शिक्षा सांगितल्या. चारच दिवसांनीं, ५ ऑक्टोबरला, ओहायोंतील केन्यन कॉलेजांत टॅफ्ट यांचें व्याख्यान झालें. कृत्य घडतें वेळीं जो कायदा अस्तित्वांत नव्हता त्याखालीं कोणासहि शिक्षा देतां कामा नये. जेत्यांनीं जितांचा केलेला न्याय हा कितीहि विधिपूर्वक असला तरी त्याला सूडाचा वास येणारच. आणि या अकरा जणांना फांशीं देणें हा अमेरिकेच्या इतिहासावर दीर्घकाळ सलणारा डाग ठरेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आरोपींविषयीं त्यांना कणव नव्हती. त्यांना जन्मभर अडकवून ठेवण्यास त्यांची हरकत नव्हती.

निवडणूक महिन्यावर आली होती. छळछावण्यांचीं चित्रें लोकांच्या डोळ्यांपुढें ताजीं होतीं. विरोधी पक्षाला आयतें कोलीत मिळालें, वृत्तपत्रांनीं झोड उठविली, आणि न्यूयॉर्कचे डेवी यांच्यासारखे स्वपक्षाचे धुरीणहि त्यांच्यावर उलटले. कोणी विचारलें नसतां, कांहीं लाभ नसतां, हें बोलावयाचें कशाला, असा प्रश्न त्यांच्या मित्रांना पडला असल्यास तो स्वाभाविकच होता. १६ ऑक्टोबरला दहा जणांना फांशीं देण्यांत आलें. गोअरिंगनें आदल्या रात्रीं विष घेतलें होतें.

टॅफ्ट बरोबर होते काय? माझ्या मतें अर्धे. आक्रमक युद्धाचा कट करणें हा वैयक्तिक गुन्हा ठरविणारा व त्यास शिक्षा सांगणारा कायदा १९३९ मध्यें नव्हता. तेथें त्यांचा आक्षेप बळकट आहे. टोकियोच्या न्यायासनावर बसलेले आपले राधाविनोद पाल यांनीं १९४८ मध्यें आपल्या भिन्नमतपत्रांत हाच मुद्दा मोठ्या विस्तारानें मांडला. आपल्या राज्यघटनेच्या २० व्या कलमानेंहि कृत्याच्या वेळीं अमलांत नसलेल्या कायद्याखालीं दोषी ठरविण्यास मनाई केली आहे. पण लाखों निरपराध माणसांची कत्तल हा कोणत्या देशाच्या कायद्यांत गुन्हा नव्हता? खून हा खूनच. त्यासाठीं नवा कायदा करावा लागत नाहीं. हा भेद टॅफ्ट यांनीं पुरेसा केला नाहीं, हें त्यांच्या भाषणाचें वैगुण्य होय.

१९४७ चा टॅफ्ट-हार्टली कायदा हें त्यांचें सर्वांत टिकाऊ काम. कामगार संघाचा सभासद असल्यावांचून नोकरी नाहीं, या अटीस त्यानें बंदी केली. राष्ट्राला धोका पोंचविणारा संप ८० दिवस थोपविण्याची तरतूद केली. ट्रूमन यांनीं नकाराधिकार वापरला, तो सेनेटनें ६८ विरुद्ध २५ मतांनीं ओलांडला. संघांनीं त्याला गुलामगिरीचा कायदा म्हटलें. त्याच टॅफ्ट यांनीं डेमोक्रॅट वॅग्नर व एलेंडर यांच्याबरोबर गरिबांच्या घरबांधणीचें विधेयक कित्येक वर्षें लावून धरलें, आणि १९४९ च्या कायद्यानें ८,१०,००० सरकारी घरें बांधण्यास मंजुरी मिळाली. तेव्हां स्वपक्षांतले कांहीं जण त्यांनाच समाजवादी म्हणूं लागले! त्याच वर्षीं अटलांटिक कराराला सेनेटनें ८२ विरुद्ध १३ मतांनीं संमति दिली. त्या तेरांत टॅफ्ट होते. १९५० मध्यें काँग्रेसला न विचारतां कोरियांत सैन्य धाडण्याचा अध्यक्षाला अधिकार नाहीं, असें त्यांनीं ठणकावलें. युद्धाची घोषणा कोणी करावयाची, हा प्रश्न अमेरिकेंत त्यानंतरही मिटलेला नाहीं.

इतका कायदेनिष्ठ मनुष्य मॅकार्थीच्या बाबतींत मात्र घसरला. १९५० पासून मॅकार्थी यांनीं पुराव्यावांचून माणसांवर कम्युनिस्टपणाचे आरोप चालविले. एक प्रकरण फसलें तर दुसरें हातीं घ्या, असा सल्ला टॅफ्ट यांनीं त्यांना दिल्याचें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. नाझींनाहि रीतसर कायद्याचें संरक्षण मागणाऱ्यानें आपल्याच देशांतील कारकुनांना व अध्यापकांना तें नाकारलें जात असतां पक्षहितासाठीं गप्प बसावें, याचें समर्थन करतां येत नाहीं. १९५३ मध्यें मॉस्कोचे वकील म्हणून बोलेन यांच्या नेमणुकीस मॅकार्थींनीं विरोध केला, तेव्हां टॅफ्ट बोलेन यांच्या पाठीशीं उभे राहिले. पण तोंवर पुष्कळ माणसांचें वाटोळें झालें होतें.

१९४० मध्यें विल्की, १९४८ मध्यें डेवी आणि १९५२ मध्यें आयसेनहॉवर यांना पक्षानें पसंत केलें. शेवटचा पराभव फार जिव्हारीं लागला. शिकागोच्या अधिवेशनांत टेक्सास वगैरे दक्षिणी संस्थानांतील प्रतिनिधि कोणाचे खरे यावरून रण माजलें. टॅफ्ट यांच्या पक्षकारांनीं अन्यायानें जागा बळकावल्या, असा बोभाटा झाला. पहिल्या मोजणींत ५९५ विरुद्ध ५०० असें दृश्य दिसलें, आणि मिनेसोटानें बाजू बदलतांच सारें आटोपलें. तरीहि सप्टेंबरांत टॅफ्ट आयसेनहॉवर यांच्या घरीं गेले, खर्चाविषयीं व कामगार कायद्याविषयीं त्यांच्याकडून आश्वासनें घेतलीं, आणि त्यांच्या प्रचाराला लागले. जानेवारी १९५३ मध्यें ते सेनेटमधील बहुमतपक्षाचे नेते झाले आणि ज्यानें आपल्याला हरविलें त्याच अध्यक्षाचे मुख्य आधारस्तंभ बनले. एप्रिलमध्यें कंबरेंत कळा येऊं लागल्या. तो कर्करोग होता. कुबड्या घेऊन ते सभागृहांत येत राहिले, जूनमध्यें नेतृत्व दुसऱ्याच्या हातीं सोंपविलें, आणि ३१ जुलै रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें.

चार वर्षांनीं, १९५७ मध्यें, सेनेटच्या एका समितीनें भूतकाळांतील पांच श्रेष्ठ सेनेटर निवडले. क्ले, कॅल्हून, वेब्स्टर आणि ला फॉलेट यांच्या पंक्तीला टॅफ्ट यांचें नांव घातलें गेलें. समितीचे अध्यक्ष डेमोक्रॅट पक्षाचे जॉन केनेडी होते. आदल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं एक प्रकरण टॅफ्ट यांच्यावर लिहिलें होतें, आणि त्याचा विषय होता तें केन्यन कॉलेजांतील भाषण.